मामांची विलायती शाळा

इंग्लंडमधली माध्यमिक शाळा कशी चालते हे बुडख्यापासून शेंड्यापर्यंत समजलेला माणूस जगात एकच होऊन गेला, आणि तो भवानीनगरला राहत होता. हे मी उगाच म्हणत नाही. खुद्द इंग्लंडात असा कोणी असेल असं मला वाटत नाही, कारण ज्यांची पोरं तिथल्या शाळेत जातात त्यांना ती सवयीची असते, आणि सवयीच्या गोष्टीची चौकशी कोणी करत नाही. आमच्या मामेसासऱ्यांनी ती केली. पुण्याच्या पुढे त्यांचं पाऊल पडलेलं नव्हतं, इंग्रजीशी त्यांचा संबंध खताच्या पोत्यावरच्या अक्षरांपुरता होता, आणि तरीही नव्वदनंतरच्या त्या वर्षांत बारामतीपासून इंदापूरपर्यंत ज्याला ज्याला मामा भेटले, त्याला त्याला विलायतेतली पोरं कितव्या वर्षी हायस्कुलात जातात, कोणत्या शाळेत जाऊ शकतात आणि कोणत्या शाळेत काही केल्या जाऊ शकत नाहीत, हे तोंडपाठ झालं होतं. यष्टीत शेजारी बसलेल्या माणसाला तिकीट काढायच्या आत ते कळायचं. एका लग्नात मामांनी हे सगळं वरबापाला पंगतीत समजावून सांगितलं, आणि तो बिचारा वाढप्याला जिलेबी नको म्हणायचं विसरला.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. त्यांची उभी हयात साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ओव्हरसियर म्हणून गेली. कोणाच्या रानात ऊस कधी लागला त्याची नोंद घ्यायची आणि गळिताचा हंगाम आला की त्या नोंदीच्या क्रमानं ऊसतोड द्यायची, हे त्यांचं काम. ज्याची नोंद आधी त्याची तोड आधी, मग तो कोणी का असेना. या कामानं मामांच्या अंगात एक गोष्ट अशी मुरली की ती निवृत्तीनंतरही गेली नाही: जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक रीत असते आणि ती कळल्याशिवाय शहाण्या माणसानं तिथून हलू नये. "ह्याची रीत काय?" हा त्यांचा आवडता प्रश्न. पोस्टात गेले की पत्र टाकायच्या आधी ते कुठल्या गाडीनं जातं, पिशवी कोण बांधतं, हे विचारून घ्यायचे. नरसिंहपूरला देवदर्शनाला गेलो असताना देवळातल्या पूजेची पाळी कोणत्या घराकडे कधी येते हे त्यांनी गुरुजींकडून काढून घेतलं, आणि त्या नादात आरती झालेली त्यांना कळली नाही. वालचंदनगरला आमच्या एका नातेवाइकांकडे चहाला म्हणून गेले आणि कंपनीचे क्वार्टर कसे वाटतात ते समजून घेऊन आले. आठवड्यानं त्या नातेवाइकांना कळलं की आपल्याला मोठं क्वार्टर मिळायला हवं होतं, आणि त्यांच्या घरातली शांतता तेव्हापासून जी गेली ती गेलीच. मामी म्हणायच्या, "ह्येंला दुनियेची रीत म्हाईत. घरात साखरंचा डबा कुठं हाय ते इचारा, आन् मग गंमत बगा."

आता या नसत्या उठाठेवीत एकदम इंग्लंड कुठून आलं, असं तुम्हाला वाटेल. ते त्यांच्या मुलीमुळे आलं. शालन ही त्यांची एकुलती एक. जावई डॉक्टर. बर्मिंगहॅमजवळच्या एका गावात इस्पितळात नोकरी मिळाली आणि दोघं निघाली, तेव्हा त्यांची पोर, स्नेहल, नुकती चालायला लागली होती. मामांना नातीचं भारी वेड. निघायच्या दिवशी त्यांनी दारातच रीत विचारली, "परत कंदी?" शालननं डोळे पुसत सांगितलं, "आबा, स्नेहल हायस्कूलला जायच्या वक्ताला परत. हायस्कूल हितंच." झालं. मामांच्या लेखी ही नोंद झाली. आपल्याकडे हायस्कूल पाचवीपासून. म्हणजे पोर पाचवीत जायची झाली की परत. दरसाल जूनमध्ये ते बारामतीला यायचे, मला घेऊन एका मुलींच्या हायस्कुलात जायचे आणि मोठ्या बाईंना नमस्कार करून सांगायचे, "आमच्या नातीची नोंद असू द्या बरं का. पाचवीला येनार हाय." मोठ्या बाई म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका, माझ्या ओळखीच्या, शांत आणि हसऱ्या. अशी वर्षानुवर्षं आधी नोंद घ्यायची पद्धत कुठल्याच शाळेत नव्हती, पण त्या गंभीर चेहऱ्यानं मान हलवायच्या. मामा समाधानानं बाहेर यायचे आणि शाळेसमोरच्या गाड्यावर मला उसाचा रस पाजायचे. स्वतः प्यायचे नाहीत. ऊस कोणत्या जातीचा आहे एवढं मात्र त्या गाडेवाल्याला विचारायचे आणि त्यानं सांगितलेलं चूक आहे हेही त्याला सांगायचे.

स्नेहल दहा वर्षांची होत आली तशी मामांनी शेवटची तयारी सुरू केली. माळवदाच्या शेजारची खोली रंगवून झाली, मामींनी गोधडी शिवली, आणि एका रविवारी शालनचा फोन आला. त्या वेळी मामांच्या घरी फोन नव्हता. चौकातल्या एस्टीडी बूथवर तिचा फोन यायचा आणि बूथवाला पोराला पिटाळून मामांना बोलावून घ्यायचा. काचेच्या त्या खोपट्यात मामा एवढ्या मोठ्यानं बोलायचे की त्यांना फोनची गरज नसावी असं वाटे, त्यामुळे बाहेर नंबर लावून बसलेली माणसंही त्या संभाषणात असायची. त्या रविवारी शालननं सांगितलं की तिकडे हायस्कूल पाचवीपासून नसतं, सातवीपासून असतं. पोर अकरा पुरी झाली की मग. म्हणजे अजून सव्वा वर्ष. मामा बूथमधून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा तोड चुकलेल्या शेतकऱ्यासारखा झाला होता. तिथूनच मोपेडला किक मारून ते बारामतीला माझ्या घरी आले. मी दुपारची झोप काढत होतो. मला उठवून म्हणाले, "मास्तर, तुमी शाळेत शिकवता. इंग्लंडच्या शाळंची रीत काय ते सांगा."

मी भूगोल शिकवतो. इंग्लंड कुठे आहे, तिथे पाऊस किती पडतो आणि मेंढ्या कोणत्या भागात पाळतात हे मी सांगितलं. मामांनी ते सहनशीलतेनं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी तुमाला म्हाईत न्हाय. मग मलाच बगाया पायजे." त्या दिवसापासून माझी रविवारची झोप जी गेली ती दोन वर्षं गेली. दर रविवारी बूथवर फोन, आणि फोन झाला की मोपेडवरून थेट माझं घर. अभ्यासाचा मूळ हेतू अगदी साधा होता. पोर नक्की कोणत्या दिवशी परत येणार, एवढंच त्यांना काढायचं होतं. पण माणूस एकदा विहिरीत डोकावला की तळ दिसेपर्यंत वाकतो, तसं मामांचं झालं.

पहिली गोष्ट त्यांना कळली ती हद्दीची. तिकडे कोणत्याही पोराला कोणतीही शाळा मिळत नाही, घर शाळेच्या जितकं जवळ तितका नंबर वर, आणि शाळेच्या पट्ट्याबाहेर घर असेल तर जागा उरली तर मिळायची. हे शालननं सांगितलं तेव्हा तिला वाटलं, आबांना समजावायला तासभर लागेल. मामांना ते अर्ध्या वाक्यात समजलं. आपल्याकडे तेव्हा झोनबंदी होती: ज्या कारखान्याच्या हद्दीत रान त्याच कारखान्याला ऊस घालायचा, शेजारचा कारखाना चार पैसे जास्त देत असला तरी. मामा बूथमधून ओरडले, "आगं, ही तर झोनबंदी! आमी तीस वर्सं दुसरं काय केलं?" आणि बाहेर बसलेल्या मंडळींना उद्देशून म्हणाले, "इंग्लंडात पोरांची झोनबंदी हाय." एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग चोरून दुसऱ्या हद्दीत न्हेत्यात का?" मामांनी तो प्रश्न शालनला घातला. शालन म्हणाली की लोक चांगल्या शाळेच्या हद्दीत घर विकत घेतात, काही जण तिथल्या आत्याचा पत्ता देतात. बूथबाहेर समाधानाची एक लाट पसरली. जगात सगळीकडे माणसं सारखीच, असा निष्कर्ष त्या म्हाताऱ्यानं काढला आणि आपला नंबर सोडून चहाला गेला.

मग मामांनी आकृती काढायला घेतली. अंगणातल्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर खडूनं इंग्लंडातलं ते गाव, त्यात तीन शाळा, शालनचं घर. शाळांच्या जागी तीन तांबे आणि घराच्या जागी पानाचा डबा. अंतर पावलांनी मोजायचे. पाहुणे यायचे, चहा व्हायचा, आणि मग मामा त्यांना हात धरून तांब्यापाशी उभं करायचे. मामी झाडायला यायच्या आणि म्हणायच्या, "उचला तुमची हायस्कुलं, सडा टाकायचाय." एकदा पानाचा डबा कोणी तरी पान खायला म्हणून उचलून दुसऱ्या तांब्याशेजारी ठेवला, तर मामांनी त्याला हद्द बदलल्याबद्दल चांगलाच फैलावर घेतला.

सगळंच काही त्यांना पटलं असं नाही. तिकडे सातवीत गेलेलं पोर अकरावीपर्यंत जातं, तिथे मोठी परीक्षा होते, आणि त्यानंतर ज्याला पुढे शिकायचं असेल तो सहावीत बसतो; वरच्या त्या दोन वर्षांना तिकडे 'सिक्स्थ फॉर्म' म्हणतात. अकरावीनंतर सहावी! हे ऐकल्यावर मामा आठवडाभर जेवले नाहीत असं मामी सांगतात; त्यात अतिशयोक्ती असेल, पण दोन भाकऱ्यांच्या जागी एकच खात होते हे मी पाहिलं आहे. मी म्हटलं, "मामा, जुनं नाव असेल, राहून गेलं असेल." मामा म्हणाले, "राहील कसं? ऑडिट न्हाय का तिकडं?" यावर शेवटपर्यंत त्यांचा इंग्लंडवर राग होता. राणीच्या राज्यात एवढी एक गोष्ट दुरुस्त व्हायला हवी, असं ते बोलून दाखवत.

पण एक गोष्ट त्यांना अशी भावली की ती ऐकल्या दिवशी ते मोपेड दारात चालूच ठेवून माझ्या घरात शिरले. तिकडे नापास करत नाहीत. पोर गणितात कच्चं असलं तर गणिताच्या कच्च्या तुकडीत बसतं, पण वर्ग आपल्या वयाच्या पोरांबरोबर पुढे जातो. मी मास्तर, मला हे पटेना. मी म्हटलं, "मग पोरं भिणार कशाला?" मामा म्हणाले, "पाव्हणं, तुमी कंदी नापास झालाय का?" मी झालो नव्हतो. मामा झाले होते. लहानपणी मेंढरांमागं घरचे सगळे चार महिने बाहेर असायचे, त्यात शाळा बुडायची, आणि एकाच इयत्तेत मामा पुन्हा पुन्हा बसत गेले. धाकटा भाऊ मागून येऊन पुढे गेला. "बाकाखाली गुडगं मावायचं न्हाईत, मास्तर," ते म्हणाले. "तिरकं बसाया लागायचं. बारकी पोरं माज्याकडं बगून हसायची न्हाईत, त्येचंच जास्त वाईट वाटायचं. मला मामा म्हणायची ती पोरं." मला हसू आलं आणि हसल्याबद्दल लगेच वाईटही वाटलं. त्या दिवशी मी त्यांना दुसरा चहा करून दिला.

अखेर ऑगस्टात शालन, डॉक्टर आणि स्नेहल आली. तिकडे उन्हाळ्याची सुट्टी पावसाळ्यात असते हे मामांनी आधीच जाहीर केलेलं असल्यामुळे कोणाला आश्चर्य वाटलं नाही. पोर अकरा पुरी झालेली, सप्टेंबरात तिकडे हायस्कूल सुरू होणार होतं आणि इकडे जूनमध्येच सुरू झालेलं होतं. ठरलं होतं ते आता घडायचं होतं. डॉक्टरांनी नोकरी सोडायची मनाची तयारी केली होती की नव्हती, हे सांगता येत नाही. ते गृहस्थ इतके लाजाळू की रोग्याशी बोलतानाही स्टेथोस्कोपकडे बघून बोलत. स्नेहल मात्र हुबेहूब आजोबा. इंग्रजी वळणानं भवानीनगरची मराठी बोलायची, आणि आल्या दिवशी चौकातल्या उसाच्या चरकाकडे बोट करून तिनं पहिला प्रश्न विचारला तो, "आबा, ह्याची रीत काय?" मामांनी तिला उचलून घ्यायचा प्रयत्न केला, पण ती आता उचलायच्या पलीकडे गेली होती.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंकडे वरात निघाली. मामा पुढे, डोक्याला इस्त्रीची टोपी. बाईंनी स्नेहलशी छान गप्पा मारल्या, गणितं घातली, ती तिनं भराभर केली. मग मराठीचं पुस्तक पुढे ठेवलं. बोलायला पोर फटाक्यासारखी, पण वाचायला अक्षर येत नव्हतं. बाई मामांना दुखवायचं नाही अशा बेतानं म्हणाल्या, "आबा, हुशार आहे हो. पण सगळे विषय मराठीतून. तिसरीच्या वर्गात बसवावं लागेल. वर्ष-दोन वर्षांत पुढे ढकलू." शेजारीच प्राथमिकचा वर्ग होता, तो रिकामा होता. बाईंनी सहज म्हणून तिला तिथल्या बाकावर बसवून पाहिलं. स्नेहल बसली. तिचे गुडघे बाकाच्या वर आले. तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "मग माझ्यायेवढ्या पोरी कुठं बसत्यात?"

बाईंनी काही तरी उत्तर दिलं, ते मला आठवत नाही. मी मामांकडे बघत होतो, आणि मामा त्या गुडघ्यांकडे.

रात्री जेवणं झाल्यावर शालन म्हणाली, "आबा, तुमी सांगाल तसं. मी शबूद दिलाय." मामींनी पदर तोंडाला लावला. त्यांना काय हवं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. खोली रंगवलेली होती. मामा बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, "एक साल तिकडच्या हायस्कुलात बघूया. न्हाय जमलं तर फुडच्या जूनला हितं. मराठी तवर शिकव तिला." मग बाईंकडची नोंद तशीच राहिली आहे ना, याची त्यांनी माझ्याकडून खात्री करून घेतली. मी आहे म्हटलं.

आता पुढे जे झालं ते आमच्या भागातल्या माणसाच्याच हातून व्हावं. ऑक्टोबरातल्या एका रविवारी शालननं बोलता बोलता सांगितलं की त्या शाळेवर एक मंडळ असतं, शाळेचा कारभार ते बघतं, आणि त्यात पालकांनी निवडून दिलेली माणसंही असतात. एक जागा रिकामी झाली आहे. मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग मामांनी विचारलं, "निवडून? म्हंजी मतदान?" मतदान. "संचालक मंडळ म्हण की!" बाहेरची मंडळी उठून काचेला येऊन चिकटली. आमच्याकडे कारखाना सहकारी, सोसायटी सहकारी, दूध सहकारी, बँक सहकारी. पोरगं जन्मलं की ते कोणत्या पॅनेलचं हे आधी कळतं. आणि आता इंग्लंडची शाळासुद्धा सहकारी निघाली! मामांच्या डोळ्यांपुढे त्या शाळेचा सगळा नकाशा लख्ख उजळला. त्यांना आता काही विचारायचं राहिलं नाही. ते एवढंच म्हणाले, "जावयाला उभा कर."

डॉक्टरांना उभं करणं म्हणजे लाजाळूच्या झाडाला काठी लावण्यासारखं होतं. पण सासऱ्यापुढे त्यांचं काही चालेना. मग दर रविवारी बूथवरून प्रचार चालला. जीप नाही, भोंगा नाही, जेवणावळ नाही, नारळ फोडायला मारुती नाही. मतपत्रिका पोरांच्या दप्तरातून घरी पाठवतात आणि दप्तरातूनच परत येतात, हे ऐकून मामा थक्क झाले. "दप्तरातनं? आन् कोण वाटंत बदलत न्हाय?" कोणी बदलत नव्हतं. निवडणुकीतला हा एवढा एकच मुद्दा मामांना अखेरपर्यंत कळला नाही. बाकी त्यांनी सगळं आपल्या हातात घेतलं. सकाळी शाळेच्या फाटकावर उभं राहायचं, येईल त्याची विचारपूस करायची, आई कशी आहे, गुडघा दुखायचा थांबला का. डॉक्टर आहात, गुडघ्याचं तुम्हाला विचारता येतं. उमेदवारानं चार ओळींचं निवेदन द्यायचं होतं. मामांनी चाळीस ओळी सांगितल्या. शालननं त्यातली एकच ठेवली, की माझे सासरे शाळेत मागे राहिले होते आणि कोणतंही पोर मागे राहू नये असं मला वाटतं. शाळेत खाऊविक्रीचा काही कार्यक्रम होता, त्यात मामींच्या सल्ल्यानं शालननं पातेलंभर चिवडा नेला. निवडणुकीत डॉक्टरांविरुद्ध एक बेकरीवाल्या बाई उभ्या होत्या, म्हणजे खाण्याच्या आघाडीवर लढत चुरशीची होती.

डॉक्टर निवडून आले. फोन आला त्या दिवशी मी मुद्दाम भवानीनगरला गेलो होतो. मामांनी बूथमधूनच मुठी आवळून हात वर केले आणि चौकात एकच जल्लोष झाला. कोणी तरी गुलाल आणला. पेढे वाटले. रस्त्यानं चाललेल्या ट्रॅक्टरवाल्यानं थांबून विचारलं, "कुठल्या कारखान्यावर आलं?" बूथवाला म्हणाला, "कारखान्यावर न्हाय, इंग्लंडवर." ट्रॅक्टरवाल्यानं पेढा घेतला आणि त्यालाही गुलाल लागला. मामींच्या कपाळाला गुलाल लावायला मामा घरी धावले, आणि धावता धावता परत आले, कारण फोन अजून चालू होता. लाल झालेल्या चेहऱ्यानं त्यांनी फोन कानाला लावला आणि सवयीनं शेवटचा प्रश्न विचारला, "आन् मुदत किती?"

"चार वर्सं, आबा."

मी काचेबाहेर होतो. मामांचा हात फोनसकट खाली आला. ज्या माणसानं पोस्टाच्या पिशवीपासून नरसिंहाच्या पूजेपर्यंत प्रत्येक गोष्टीची रीत आधी विचारली, त्यानं या एका गोष्टीत मुदत विचारली ती गुलाल उधळून झाल्यावर. आणि मामांचं तत्त्व मला माहीत होतं, सगळ्या तालुक्याला माहीत होतं: निवडून आलेल्या माणसानं मुदत टाकून पळायचं नसतं. त्या तत्त्वावरून त्यांनी एका संचालकाशी दहा वर्षं बोलणं सोडलं होतं. पलीकडे शालन "आबा, आबा" म्हणत होती. मामांनी फोन पुन्हा वर घेतला आणि म्हणाले, "बेस झालं. जावयाला सांग, मीटिंग चुकवू नगं." घरी जाताना त्यांनी चौकातल्या प्रत्येकाला हात जोडले. मामींनी दारातच त्यांचं तोंड पाहिलं आणि गुलाल पुसायला ओला पंचा दिला.  मला त्या दिवशी मामांचा राग आला आणि त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की मी न जेवताच परत निघालो.

पुढल्या जूनला मामा नेहमीसारखे आले. इस्त्रीची टोपी, मोपेड. मी म्हटलं, "मामा, या वर्षी कशाला?" म्हणाले, "चला तर." मोठ्या बाईंच्या खोलीत उभे राहून त्यांनी नमस्कार केला आणि सांगितलं, "बाई, आमच्या नातीची एक नोंद हाय तुमच्याकडं. ती रद्द कराया आलोय. उगं मागच्याचा नंबर अडाया नगं." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नोंद कुठेच नव्हती, हे मला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, आणि आता मला वाटतं, मामांनाही माहीत असावं. बाईंनी खुर्ची जवळ ओढली, पेन उघडलं आणि विचारलं, "कारण काय लिहू, आबा?" मामांनी विचार केला. "लिवा," ते म्हणाले, "पोरगी तिकडं रुजली."

बाहेर शाळा भरत होती. नव्या दप्तरांच्या, तेलानं चापून वेण्या घातलेल्या पोरी फाटकातून आत जात होत्या. मामांनी एका पोरीला थांबवलं, "कितवीत गं?" "पाचवीत," ती म्हणाली आणि पळाली. मामा तिच्याकडे ती वर्गात दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. रसाच्या गाड्यावर आम्ही बसलो. गाडेवाल्यानं ऊस कोणता ते आपण होऊन सांगितलं, चुकीचंच सांगितलं, आणि मामांनी त्याला काही म्हटलं नाही. नेहमीप्रमाणे माझ्या एकट्याचा रस आला.

"मास्तर," थोड्या वेळानं ते म्हणाले, "शाळंची सगळी रीत मला कळली. सहावीचं तेवढं सोडा. पर पोरगी लांब गेली, की आज्यानं हितं कसं ऱ्हायाचं, त्येची रीत काय असती?"

मी भूगोलाचा मास्तर. भवानीनगर आणि त्या गावामधलं अंतर किती, एवढं मला सांगता आलं असतं, आणि ते तर त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी माझा पेला त्यांच्यापुढे सरकवला. त्या दिवशी पहिल्यांदाच मामा माझ्याबरोबर रस प्यायले.